आपाची सही

शेतावर तीन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला लागल्यापासून एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, ईदच्या शीरखुर्म्यावरसुद्धा. ‘आमचीही जमीन पडून आहे, खोल्या बांधायला किती खर्च येतो?’ आम्ही खर्च सांगतो, पण तेवढं सांगून भागत नाही. ज्या क्रमानं विचारणारा विचार करतो आहे तो क्रमच उलटा आहे, असं वाटत राहतं. म्हणून एकदा सगळंच लिहून टाकावं असं ठरलं.

आम्ही म्हणजे चौघं भावंडं. भाईजान थोरले, त्यांच्यानंतर आपा, मग मंझला आणि शेवटची छोटी, जी आता बेचाळीस वर्षांची आहे तरी छोटीच. लिहिलं आहे छोटीनं. बाकीच्या तिघांनी ओळी खोडल्या, आणि काही खोडलेल्या ओळी आपानं परत घालायला लावल्या.

आमची जमीन कळमेश्वर तालुक्यात, काटोल रस्त्यापासून आत. शेवटचा दीड किलोमीटर पांदण रस्ता आहे, जो पावसाळ्यात नसतोच म्हटलं तरी चालेल. एकूण नऊ एकर. दोन एकरांत संत्र्याची बाग, सहा बाय सहा मीटरवर लावलेली सव्वादोनशेच्या आसपास झाडं. उरलेलं सात एकर काळं वावर. दादाजान गेल्यावर ते अब्बांकडे आलं. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक; घर जाफरनगरला. शेती सालदार काका आणि काकू बघायचे, अब्बा रविवारी जायचे. संत्रा झाडावरच व्यापाऱ्याला सौद्यानं विकायचा, कापूस जिनिंगवर न्यायचा. आम्हा चौघांना शेत म्हणजे हुरडा आणि विहिरीत डोकावणं, एवढंच ठाऊक होतं.

२००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीची फवारणी संपली असं सगळ्यांना वाटलं. काही वर्षं ते खरंही होतं. मग फवारण्या हळूहळू परत आल्या, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बीटीची बोंडंही पोखरली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ती बातमी देशभर गाजली. आमची बातमी कुठं छापून आली नाही, कारण काका वाचले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. खांद्यावर पंप, तोंडाला साधा गमछा, वारा समोरून. दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत डोळ्यांपुढं अंधारी आली. चार दिवस नागपूरच्या दवाखान्यात काढले. काकू बाहेरच्या बाकावर बसून होत्या. अब्बा रोज डबा घेऊन जायचे आणि परत आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. कृषी केंद्राची उधारी त्यांनी त्या दिवाळीत फेडली आणि पंप भंगारवाल्याला देऊन टाकला. पुढच्या हंगामात काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. २०१८ च्या डिसेंबरात त्यांचा इन्तेकाल झाला. अम्मी त्यांच्याआधी सहा वर्षं गेल्या होत्या.

आता जे लिहितो आहोत ते आमच्यातल्या दोघांना नको होतं. पण आपाच्या म्हणण्याप्रमाणं लिहितो.

चाळिसाव्यानंतर भाईजान आणि मंझला एक कागद घेऊन आले. हक्कसोड पत्र. बहिणींनी आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा, खाली सही करायची. हा कागद महाराष्ट्रातल्या घराघरांत होतो, त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. आमच्या घरांत तर त्याला एक गोड कारणही जोडलेलं असतं. बहिणीला माहेर तोडायचं नसतं. छोटी सही करायला तयार होती. खरं सांगायचं तर तिनं पेन उघडलंही होतं. आपानं कागद पूर्ण वाचला, दोनदा वाचला, आणि पेनाला टोपण लावलं. ती म्हणाली, ‘हा हिस्सा मला अब्बांनी दिलेला नाही, तुम्हीही दिलेला नाही. जो ठरवून दिलेला आहे तो मी कुणाला कशी देऊन टाकू? मला त्याचं काय करायचं तेही अजून माहीत नाही.’ भाईजान काही बोलले नाहीत. मंझला बोलला, आणि जे बोलला ते त्यानं इथून खोडलं आहे.

हिशेब सोपा होता. दोन भाऊ, दोन बहिणी. भावांना दोन-दोन भाग, बहिणींना एक-एक. सहा भाग, नऊ एकर. भावांकडे तीन-तीन एकर, बहिणींकडे दीड-दीड. तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावर चार नावं लागली. चार नावं लागल्याचा पहिला परिणाम असा झाला की जमीन पटकन विकता येईना. भाईजान निवृत्तीला आले होते, मंझल्याच्या दुकानाला भांडवल हवं होतं. आपाची सही त्या दिवशी मिळाली असती तर २०१९ सालीच त्या नऊ एकरांवर खुंट्या ठोकल्या गेल्या असत्या आणि प्लॉटचे नंबर पडले असते. ही गोष्ट आता दोघंही मान्य करतात.

मग आपानंच विचारलं, ‘विकायची नाही तर पेरायची कशी?’

त्या वर्षी आम्ही बरंच वाचलं, बरंच ऐकलं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पालेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांचं जीवामृत विदर्भात गावोगाव माहीत आहे. यवतमाळचे सुभाष शर्मा १९९० च्या दशकापासून रसायनाशिवाय शेती करत आले आहेत. माती, पाणी, झाडं, गुरं आणि पक्षी असा सगळ्यांचा मिळून विचार करणारा माणूस. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे आले, ओळखपाळख काही नसताना. बाहेर या प्रकाराला जे नाव आहे ते अमेरिकेतल्या रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात रूढ केलं. मराठीत कुणी पुनरुज्जीवी शेती म्हणतं, कुणी पुनरुत्पादक. दोन्ही शब्द तोंडात बसत नाहीत. अर्थ एवढाच की जमिनीला नुसतं विष द्यायचं नाही इतकंच नव्हे, तर दरवर्षी ती आदल्या वर्षीपेक्षा बरी व्हायला हवी. काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘वावर मेलं नाई जी. निजलं हाये.’ आम्हाला हेच नाव जास्त पटलं.

आणि मग आम्ही चुका केल्या. नऊच्या नऊ एकरांत एकाच हंगामात युरिया, डीएपी, तणनाशक सगळं बंद. हे करू नका. आधी एकरी सात-साडेसात क्विंटल कापूस होत होता तो तीनवर आला. वर्षानुवर्षं बाहेरून मिळणाऱ्या खतावर जगलेली जमीन एका पावसाळ्यात आपल्या पायावर उभी राहत नाही. एक-दोन एकरांपासून सुरुवात करायला हवी होती. पालेकरांचं सगळंच आम्हाला लागू पडलं असंही नाही. शेणखत कमी करून चालतं हे आमच्या वावरानं काही मानलं नाही.

दुसरी चूक बागेतली, आणि ती जास्त लागली. आच्छादन चांगलं, ओल टिकते, गांडुळं येतात, असं वाचून आम्ही प्रत्येक संत्र्याच्या बुंध्याला कुटार आणि वाळलेल्या गवताचा जाड गादीसारखा थर लावला. अगदी खोडाला चिकटवून. पहिल्या पावसाळ्यात बाग इतकी सुंदर दिसत होती की आपानं फोटो काढून सगळ्यांना पाठवले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोडांतून डिंक गळायला लागला, साल कुजली. डिंक्या. काळ्या जमिनीत संत्र्याच्या खोडापाशी पाणी आणि ओल साठू देणं म्हणजे त्या बुरशीला दावत. नागपुरातच लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथं आम्ही आधी जायला हवं होतं, गेलो नंतर. आच्छादन खोडापासून हातभर लांब, झाडाला दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या आळ्यात, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद हे रसायनच आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांतला एखादा हटकतोच. झाड मरू द्यायचं नाही, हे आमचं उत्तर. तरी अडतीस झाडं गेली. दादाजानच्या हातची सहा झाडं त्यांत होती.

बाकीचं हळूहळू जमलं. कापसाच्या ओळींत तूर आणि ज्वारी परत आली, जशी दादाजानच्या काळी असायची. दरवर्षी एक एकर आळीपाळीनं पिकाविना ठेवून त्यात बोरू पेरतो आणि फुलावर आला की जमिनीतच आडवा करतो. उताराला आडवे बांध घातले, धुऱ्यावर शेवगा, सीताफळ, कडुनिंब लावले. नांगर आणि रोटाव्हेटर बंद, डवरणी चालू. गवळाऊ जातीच्या दोन गाई वर्धा जिल्ह्यातून आणल्या. आणताना काकांना आणि गावातल्या दोन जाणत्या माणसांना गाडीत सोबत बसवलं, बाजाराची पावती आणि डॉक्टरांचा दाखला भाईजानांच्या खिशात. असं का, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

जीवामृत छोटी करते. दोनशे लिटरच्या टाकीत दहा किलो शेण, पाच-सात लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा ढवळायचं. त्या कामाचे कपडे वेगळे, गोठ्याच्या खुंटीलाच टांगलेले. जोहरच्या आधी आंघोळ करून मगच घरात. सुरुवातीला नातेवाइकांत यावर कुजबुज झाली. आता त्याच नातेवाईक बाया शेवग्याच्या शेंगा मागायला फोन करतात.

पाच वर्षांनी मातीची तपासणी परत केली. सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के होता तो ०.५१ झाला. अर्ध्या टक्क्याच्या खाली कमी, वर मध्यम, असं प्रमाण धरतात. म्हणजे पाच वर्षं राबून आम्ही ‘कमी’मधून ‘मध्यम’च्या उंबरठ्यावर आलो. काकांना आकडा सांगितला. त्यांनी पाय आपटून दाखवला, म्हणाले आता टाच रुतते.

या पाच वर्षांत खायचं काय, हा प्रश्न पुस्तकांत नसतो. जमीन बरी होते आहे, पण कापूस पाच क्विंटलच्या पुढं जात नाही. रोही आणि रानडुकरं आपला वाटा घेतात. झाड लावणाऱ्याच्या फळातून पाखरानं खाल्लं तरी त्याचा सवाब आहे, ही हदीस लहानपणापासून ऐकलेली. ज्वारीच्या कणसांवर पोपटांचा थवा उतरतो तेव्हा ती आठवायला थोडे कष्ट पडतात. बँकेचं व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही यावर चौघांचं एकमत होतं. खोल्या आल्या त्या इथं. जमिनीला वेळ द्यायचा होता आणि त्या वेळेचा खर्च कुठून तरी काढायचा होता.

इटलीत १९८५ साली शेतावरच्या पाहुणचारासाठी कायदा झाला. त्यात अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे त्याला जोडून. ती अट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे बारामतीच्या बाजूला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचे प्रयोग सुरू केले आणि २०२० साली राज्य शासनाचं कृषी पर्यटन धोरण आलं. नोंदणी पर्यटन विभागाकडे होते, खोल्या आठपर्यंत. आम्ही तीनच बांधल्या. विटांच्या भिंतींना आतून मातीचा गिलावा, वर कवेलू, पुढं पडवी. न्हाणीचं पाणी केळीच्या खड्ड्यात. एकीची पडवी मुद्दाम बागेच्या बाजूला काढली, जिथं वाटेनं जाणाऱ्याची नजर पोचत नाही.

खर्च म्हणाल तर स्वयंपाकघर आणि सोलरसकट सोळा लाखांच्या आसपास. नऊ लाख भाईजानांच्या निवृत्तीचे, तीन छोटीचे, चार मामूंनी कर्जे हसना म्हणून दिले. सगळं लिहून ठेवलं. ज्याचे जितके तितकेच परत जातील, वर काही नाही, घाईही नाही. मामूंचे पहिले फिटले.

भाच्यानं पाटी रंगवून आणली, ‘वेलनेस फार्मस्टे’. काकांनी विचारलं हे काय. चौघांनी चार उत्तरं दिली. पाटी महिनाभरानं उतरवली, कारण ती वाचून येणारे लोक मालिशवाला कुठं आहे विचारायचे. एकानं इथं हिजामा सुरू करा, चांगला चालेल असं सुचवलं. आम्ही हकीम नाही, डॉक्टर नाही. ज्याला औषधाची गरज आहे त्यानं दवाखान्यात जावं. इकडं फक्त लवकर जेवण, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, बागेतून चालणं, रात्री खरा अंधार आणि टीव्ही नाही. हे काही नवीनही नाही. गांधीजींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. तो आश्रम आजही चालू आहे आणि लोक तिथं साधं जेवून लवकर झोपायलाच जातात.

पहिले पाहुणे २०२२ च्या नोव्हेंबरात आले. आंबिया बहार तोडणीला आलेला, सगळं वावर संत्र्याच्या वासानं भरलेलं. बँकेतल्या एक बाई होत्या, रात्ररात्र झोप नाही म्हणणाऱ्या. पहिल्या दिवशी अकरा तास झोपल्या आणि उठल्यावर ओशाळून चहा मागायला आल्या. आणखी एका घरातल्या पाच बायका आल्या, सासू, दोन सुना, नणंद आणि एक नात. सासूबाई सत्तरीच्या. सकाळी बागेतल्या वाटेवरून त्या एकट्या विहिरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या, मग परत गेल्या. त्यांच्या सुनेनं छोटीला सांगितलं की अम्मी रस्त्यावरून एकट्या चालल्याचं तिनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. अशा घरांसाठी आम्ही आता महिन्यातला एक आठवडा राखून ठेवतो. त्या आठवड्यात तोडणीवरही फक्त काकू आणि बाया.

सगळं असंच गोड नाही. एक टोळकं डिकीत बाटल्या घेऊन आलं; पैसे परत केले, त्यांनी जाताना जे ऐकवलं तेही घेतलं. दोन बुकिंगं आमची नावं कळल्यावर रद्द झाली. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आणि नागपूरचा उन्हाळा. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंश नोंदले गेले आहेत, पंचेचाळीस तर बऱ्याच वर्षी. कवेलूखाली कितीही पाणी शिंपडलं तरी एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत खोल्या बंद. म्हणजे खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. जे कागदावर बारा महिन्यांचा हिशेब मांडतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. गेल्या हंगामात छोटीचा महिना बारा हजार पगार, काका-काकूंचं साल आणि बाकी सगळा खर्च जाऊन खोल्यांचे तीन लाख चाळीस हजार उरले. त्यातला एक लाख भाईजानांच्या रकमेत परत गेला. उरलेल्या दोन लाख चाळीस हजारांचे सहा भाग. भावांना ऐंशी-ऐंशी हजार, बहिणींना चाळीस-चाळीस. यात कुणाचं घर चालत नाही. पण वावराला घाई करावी लागत नाही.

उश्रचा हिशेब वेगळा ठेवतो, तो मौलानांना विचारून बसवला. तूर आणि ज्वारी नुसत्या पावसावर, तिचा दहावा हिस्सा. संत्र्याला विहिरीचं पाणी देतो, त्याचा विसावा. खोल्यांच्या पैशाला उश्र नाही, वर्षाअखेर जे शिल्लक राहील त्याची जकात. पहिल्या वर्षी तीन क्विंटल कापसातून दहावा काढताना हात थांबला होता, हेही लिहून ठेवावं.

२०२३ च्या पावसाळ्यात दुल्हेभाईंची, म्हणजे आपाच्या यजमानांची, बायपास झाली. समृद्धी महामार्ग आदल्या डिसेंबरात सुरू झाला होता आणि नागपूरच्या चहूबाजूंच्या जमिनीचे भाव लोकांच्या तोंडी होते. एक ले-आउटवाले गृहस्थ वर्षभर खेटे घालत होते. त्यांना नऊ एकर नकोच होते, त्यांना पांदणीलगतचा तुकडा हवा होता. तो आपाच्या वाट्याचा दीड एकर. विहीर त्यातच आहे. आपा एका संध्याकाळी फाईल घेऊन आली आणि म्हणाली, ‘मला विकायचं आहे. चार लाख दवाखान्याचे, पुढं औषधं. जमीन माझी आहे ना?’

तिची होतीच. तिनंच तर आम्हाला ते शिकवलं होतं. ज्या दोघांनी पाच वर्षांपूर्वी तिच्यापुढं कागद ठेवून सही माग म्हणून धरणं धरलं, तेच दोघं आता सही करू नकोस म्हणून तिच्यासमोर बसले होते. आपाला हसू आलं, मग ती रडली. मंझल्यानं तेव्हा काही युक्तिवाद केला नाही. तो बाहेर गेला, अर्ध्या तासानं आला आणि म्हणाला, गाडी काढतो. भाईजानांनी त्यांच्या रकमेची परतफेड दोन वर्षं थांबवली. छोटीनं बँकेतली ठेव मोडली. चार लाख आठ दिवसांत जमले. आपानं ते असेच घेतले नाहीत. तिनं वही मागितली आणि लिहायला लावलं की हे पैसे तिच्या पुढच्या हिश्शांतून वळते होतील. खाली सही केली. आमच्या सातबाऱ्याशी संबंधित तिनं केलेली तेवढी एकच सही.

तिचे तेव्हा जमलेले चार लाख अजून फिटायचे आहेत. वर्षाला चाळीस हजार. हिशेब तुम्हीच करा. भाव वाढला तर लवकर, गारपीट झाली तर उशिरा. त्या गृहस्थांचा फोन अजून येतो, दिवाळीच्या आधी हमखास. कधी ना कधी आमच्यापैकी कुणाला परत गरज पडेल आणि परत तीच संध्याकाळ होईल, याची चौघांनाही कल्पना आहे. आमच्या मुलांचं काय, हा तर वेगळाच विषय. चार नावांची पुढं अकरा होणार आहेत.

तर ज्यांना खोल्यांचा खर्च विचारायचा आहे त्यांनी जरूर विचारावा, वही दाखवू. मात्र आधी आपल्या सातबाऱ्यावर किती नावं असायला हवी होती आणि किती आहेत ते बघून या. मग माती तपासून घ्या. खोल्यांचं आपण जेवताना बोलू.

यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोनच खोल्या उघडतो आहोत. बागेकडची तिसरी आपा आणि दुल्हेभाईंसाठी ठेवली आहे, हरभरा उगवून येईपर्यंत. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं आहे. ते सकाळी विहिरीपर्यंत पावलं मोजत जातात, आणि वाटेत प्रत्येक संत्र्यापाशी थांबून काकांना हाक मारून विचारतात की कुटार खोडाला लागलं तर नाही ना.